गाव म्हणजे शीव की दिवा? : इंदापूर तालुक्याच्या शिरगणतीची दोनशे वर्षे

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. १९६१ आणि १९७१ या दोन्ही जनगणनांत त्यांनी प्रगणक म्हणून काम केले. काखेत तक्त्यांचा गठ्ठा, हातात गेरूचा डबा आणि मागे वर्गातली दोन मोठी पोरे, असे ते गावातून आणि वाड्या-वस्त्यांवरून हिंडत आणि प्रत्येक घराच्या चौकटीवर आकडा रंगवत. "घरं मोजणं सोपं असतं," ते सांगत, "पण घर कशाला म्हणायचं, तिथं घोडं अडतं." जनगणनेच्या नियमानुसार एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. दोघा भावांनी भिंत न घालता फक्त चूल वेगळी केली, की सरकारदप्तरी एकाची दोन कुटुंबे होतात. आईसमोर भाऊ एक चूल सांगत आणि प्रगणक घराबाहेर पडला की मागे धावत येऊन हळूच दोन म्हणत. कुठले उत्तर लिहायचे हा प्रश्न वडिलांना निवृत्तीनंतरही पडलेला असायचा.

आईचे माहेर इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. ते गाव आज उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. काही वर्षांपूर्वी याच तालुक्याच्या गावांच्या जुन्या याद्या चाळत असताना काही नावांपुढे एक शब्द दिसला : 'बेचिराग'. मी तो 'बेचिराख' असा वाचला आणि कुणीतरी जाळून टाकलेले गाव डोळ्यांसमोर आणले. शेजारी एक निवृत्त तलाठी बसले होते. मी विचारले, "भाऊसाहेब, ही गावं जळाली कधी?" ते हसले. "ताई, जळाली नाहीत. तिथं राख नाही, चिराग आहे. बे-चिराग. दिवा नसलेलं गाव."

फारसीतला चिराग मराठीच्या तोंडी बसता बसता राख होऊन गेला, आणि 'जिथे दिवा लागत नाही' याचा अर्थ 'जिथे सगळे जळून गेले' असा झाला. पण महसुली शब्द म्हणून मूळ अर्थ नेमका होता. गाव आहे, त्याला शीव आहे, जमीन आहे, नाव आहे. फक्त संध्याकाळी दिवा लावणारे कुणी नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. राज्यकारभाराच्या लेखी गाव म्हणजे काय : शीव की दिवा? त्याचे उत्तर मी एका तालुक्यापुरते शोधून पाहिले. इंदापूर निवडण्याचे कारण केवळ आईचे माहेर हे नव्हे. पश्चिम हिंदुस्थानातली आधुनिक जमीनमोजणी ज्या मुलखात आकाराला आली, तो हा मुलूख आहे.

माणसे थोडी, जमीन फार

इंदापूर हा पुणे जिल्ह्याचा आग्नेय कोपरा. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या नीरा नरसिंहपूरला मिळतात. नद्या दोन असल्या, तरी पाऊस मात्र भरवशाचा नाही. सह्याद्री ओलांडून येणारे ढग इथवर पोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. त्यामुळे या भागाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी वसण्याचा आणि उठून जाण्याचा इतिहास आहे.

पेशवाईतला परगण्याचा कारभार शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेला असतो. गावात पाटील, कुलकर्णी, चौगुला आणि बलुतेदार. परगण्यावर देशमुख-देशपांडे हे वतनदार. सरकारच्या वतीने कमाविसदार किंवा मामलेदार. पण या साऱ्या यंत्रणेची मुख्य चिंता काय होती, हे दप्तर वाचल्यावर कळते. जमीन मुबलक होती, ती कसणारी माणसे कमी होती. म्हणून सरकार रयतेची मनधरणी करी. ओसाड गावात वस्ती करणाऱ्याला कौल दिला जाई. पहिली काही वर्षे सारा माफ किंवा अगदी नावापुरता, मग दरवर्षी थोडा थोडा चढवत पूर्ण आकारावर आणायचा. या चढत्या साऱ्याला 'इस्तावा' म्हणत. गेलेली कुळे परत आणणे ही पाटलाची जबाबदारी आणि त्याच्या अब्रूचाही प्रश्न होता.

मोजणी त्या काळीही होती. घरे मोजण्याला खानेसुमारी म्हणत आणि पुढे इंग्रजी अमलातल्या जनगणनेलाही मराठीत हाच शब्द बराच काळ चिकटून राहिला. मात्र माणूस म्हणून माणूस मोजण्यात कुणाला रस नव्हता. घरपट्टीसाठी घरे, म्हैसपट्टीसाठी म्हशी, मोहतर्फ्यासाठी माग आणि दुकाने, सारा ठरवण्यासाठी नांगर आणि बैल. मिरासदार कोण, म्हणजे पिढीजात हक्काने जमीन कसणारा कोण, आणि उपरी कोण, म्हणजे बाहेरून आलेला कोण, हेही नोंदले जाई. ज्याच्याकडून काही यायचे नाही, तो मोजला जाण्याचेही कारण नव्हते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसूल मक्त्याने देण्याची पद्धत बोकाळली. जो जास्त बोली लावील त्याला मामला, आणि मग त्याने तो रयतेकडून उकळायचा. त्यातच १८०२-०३ मध्ये यशवंतराव होळकरांच्या स्वारीने आणि पाठोपाठच्या दुष्काळाने पुण्याच्या आसपासचा मुलूख उजाड केला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, तेव्हा इंग्रजांच्या हाती आली ती अशी विस्कटलेली गावे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात मराठी गावांची स्वयंपूर्ण रचना वाखाणली आणि ती जपावी असे सुचवले. पुढच्या वीस वर्षांत तिचा पायाच बदलला.

प्रिंगलचे गणित आणि विंगेटची साखळी

रॉबर्ट कीथ प्रिंगल हा हुशार, अभ्यासू सनदी अधिकारी. तो हेलीबरीच्या कॉलेजात शिकलेला, जिथे माल्थस अर्थशास्त्र शिकवत असे. १८२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने पुणे जिल्ह्याची मोजणी हाती घेतली. तत्त्व सुटसुटीत होते. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, मशागतीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर यात खोट नाही. पण निव्वळ उत्पन्न सांगणार कोण? हाताखालच्या कारकुनांनी माप वाकडे धरले, प्रतवारीत पैसे खाल्ले आणि वर पाठवलेल्या आकड्यांवर वरच्यांनी विश्वास ठेवला. त्याच सुमारास धान्याचे भाव पडले. सारा झेपेना. वसुलीसाठी झालेल्या मारझोडीच्या हकिकती पुढे सरकारी कागदांतच नमूद झाल्या. इंदापुरात शेते पडीक पडली, माणसे उठली आणि नदी ओलांडून निजामाच्या हद्दीत गेली. कौल देऊन वसवलेली गावे गणिताने उठवली.

१८३५ मध्ये गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा एंजिनिअर लेफ्टनंट, असे दोन तरुण इंदापुरात आले. त्यांनी प्रिंगलचे तत्त्व बाजूला ठेवले. निव्वळ उत्पन्नाच्या फंदात न पडता जमिनीचा रंग, पोत आणि मातीची खोली पाहून सोळा आण्यांच्या मापात तिची प्रत ठरवायची; मागची वसुली, पाऊस आणि बाजाराचे अंतर पाहून तालुक्याचा दर ठरवायचा; आणि तो दर ३० वर्षे बदलायचा नाही. तेहतीस फुटांची साखळी हे मोजमापाचे साधन. या साखळीच्या चौरसाला गुंठा म्हणतात आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. आज शहरालगतच्या प्लॉटची जाहिरात वाचताना आपण जो गुंठा उच्चारतो, त्याचे माप हे आहे. एका बैलजोडीच्या आवाक्यातल्या शेताला एक सर्व्हे नंबर दिला, कोपऱ्यांवर दगड पुरले, नकाशे काढले. १८४७ च्या संयुक्त अहवालाने हीच पद्धत मुंबई इलाख्याची पद्धत ठरली.

दर कमी होते म्हणून माणसे परतली. पडीक शेते पुन्हा नांगराखाली आली. विंगेटचे हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण एक बदल सावकाश घडला, आणि मला तो दरांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पूर्वी कारभाराचे एकक माणूस होते, ज्याला वसवायचे आणि टिकवायचे असे कूळ. आता एकक झाले जमिनीचा तुकडा. सर्व्हे नंबर कायम. त्यावर कुणाचे नाव आहे ही पुढची गोष्ट. सारा भरला की जमीन त्याची, ती विकता येते, गहाण टाकता येते. थोडक्यात, शेतकरी उठून गेला तरी नंबर उठत नव्हता. दिव्याची जागा शिवेने घेतली ती इथे.

वाढलेली माणसे, वाढलेला सारा

इंदापूरची ३० वर्षांची मुदत १८६७ च्या सुमारास संपली आणि फेरमोजणी झाली. अहवालासोबत तक्ते होते : लोकसंख्या किती वाढली, गाड्या किती, नांगर किती, विहिरी किती, पक्की घरे किती. हे तक्ते प्रथम पाहिले तेव्हा मला कौतुक वाटले, की चला, एकदाची माणसांची मोजदाद झाली. पुढचे पान उलटल्यावर उलगडा झाला. तालुका भरभराटला आहे, सबब सारा वाढवण्यास हरकत नाही, हे सिद्ध करण्यासाठी ती मोजदाद होती. तालुक्याच्या साऱ्यात निम्म्याहून अधिक वाढ झाली. काळ मात्र अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीचा होता. तेजी ओसरली, भाव उतरले आणि चढा सारा मागे राहिला. तो भरण्यासाठी सावकार, सावकाराकडे गहाणखत. पुणे सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारने फेरआकारणीच्या वाढीला मर्यादा घातली : तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर ६६, एका खातेदारावर १००. तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी शेजारच्या भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने आणि दप्तरे फोडली. त्यांना पैशांपेक्षा कागद हवे होते. गहाणखतांच्या होळ्या झाल्या.

त्यानंतर लगेच १८७६-७८ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुराचे रोजचे धान्य एक पौंडावर आणले, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या मजुरांनी कामावरून उठून जाणे पत्करले. सार्वजनिक सभेने गावोगावच्या हकिकती गोळा करून सरकारपुढे मांडल्या.

या काळाचा जमाखर्च पुढच्या शिरगणत्यांत दिसतो. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या १८७२ मध्ये ९,२१,३५३ होती. १८८१ मध्ये ९,००,६२१ भरली. १८९१ मध्ये ती १०,६७,८०० झाली आणि १९०१ मध्ये पुन्हा ९,९५,३३० वर उतरली. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ आणि प्लेग येऊन गेले होते. लोकसंख्या म्हणजे सतत चढत जाणारी रेघ, असे मनात असलेल्या आपल्या पिढीने हे चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

१८८१ पासून १९३१ पर्यंत ही गणती एकाच रात्री होत असे. त्या रात्री जो जिथे सापडेल तिथला तो. रात्र निवडताना चांदणे असावे, मोठी जत्रा किंवा लग्नाचा मुहूर्त नसावा, याचाही विचार होई. कंदील घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्या प्रगणकांत पाटील, कुलकर्णी होते आणि माझ्या वडिलांचे पूर्वसुरी असे शाळामास्तरही होते. सारा वाढवण्याचा हेतू त्यामागे थेट नव्हता. पहिल्यांदाच तान्हे मूल, विधवा, भिकारी, वाटसरू यांना प्रत्येकी एक रेघ मिळाली. साम्राज्याला आपली प्रजा जातीधर्मांच्या रकान्यांत बसवायची होती, हे खरे. पण ज्यांच्याकडून काही वसूल होणार नव्हते, तेही प्रथमच कागदावर आले, हेही खरे.

शीव जाणणारा शिवेबाहेर

मोजणीचे दगड पुरले जाण्याआधी गावाची शीव कुणाच्या स्मरणात होती? महाराच्या. दोन गावांत शिवेचा तंटा निघाला की त्याची साक्ष निर्णायक मानली जाई; त्याने चालून दाखवलेली वाट ती शीव. सारा पोचवणे, वर्दी देणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवणे, मेलेले जनावर ओढणे, ही कामे वतन म्हणून त्याच्या माथी होती. आणि त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर. संपूर्ण गावाची हद्द ज्याला पाठ, त्यालाच आतल्या गावात जागा नाही.

दगड आणि नकाशे आल्यावर त्याच्या साक्षीची गरज कमी झाली, राबणूक मात्र कमी झाली नाही. १८७४ च्या वतन कायद्याने ती उलट कायद्याच्या चौकटीत बसवली. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते याच राबणुकीविरुद्ध. इनामाच्या तुटपुंज्या तुकड्यासाठी सगळ्या कुटुंबाला रात्रंदिवस सरकारी ताबेदारीत अडकवणारी ही व्यवस्था मोडावी, ही त्यांची मागणी होती. गावगाड्याच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे वाचताना या बाजूने पाहिले नाही, तर आपला इतिहास अर्धाच राहतो. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या आणि मुलकी पाटील १९६२ च्या कायद्याने. त्याच १९६२ च्या महाराष्ट्रदिनी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. जन्माने मिळणारा कारभार मतांनी मिळणारा झाला.

पाण्याखालचे मौजे

नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात आला, १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, आणि उजाड म्हणून ख्यात असलेल्या तालुक्याचा दक्षिण भाग उसाने हिरवा झाला. उत्तरेकडच्या भीमाकाठची काळी जमीन मात्र १९६६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणात गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा. म्हणजे काम सुरू झाल्यावर दहा वर्षांनी आलेला.

आईच्या माहेरची माणसे टेकाडावरच्या नव्या गावठाणात आली. आजी सांगे, सामान गाड्यांत भरून झाले, पण संध्याकाळ झाली म्हणून तिने रिकाम्या घरात देवळीतला दिवा लावला आणि मगच बाहेर पडली. कारण विचारले तर म्हणे, "घर अंधारात टाकून कसं निघायचं?" तिला फारसी येत नव्हती, बेचिराग हा शब्दही तिने ऐकला नसावा.

उन्हाळ्यात धरण आटले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला गाड्या करून जातात. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत एखादी म्हातारी आपल्या घराचे जोते शोधताना दिसते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ४३,६६५ गावे आहेत. त्यांपैकी वस्ती असलेली ४०,९५९ आणि वस्ती नसलेली २,७०६. म्हणजे दर सोळा गावांत साधारण एक गाव असे, की ज्याला नाव आहे, शीव आहे, आणि दिवा नाही. विदर्भात अशा गावांना 'रिठी' म्हणतात. कारण जनगणनेचेही गाव म्हणजे महसुली मौजे. विंगेटच्या साखळीने आखलेल्या परंपरेतले. उलट बाजूही आहे. शेकडो दिवे लागणाऱ्या वाड्या, वस्त्या आणि तांडे स्वतंत्र महसुली गाव नसल्यामुळे दुसऱ्याच्या नावाखाली मोजले जातात. हा केवळ नावाचा प्रश्न नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य ७ असावेत की १७, कोणत्या प्रभागात कुणासाठी राखीव जागा, वित्त आयोगाचा निधी किती, हे लोकसंख्येवर ठरते. आणि २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही हे सगळे २०११ च्या आकड्यांवर चालले आहे.

पुढची गणती

आता २०२६ मध्ये घरयादी आणि १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून शिरगणती, असे जाहीर झाले आहे. १९३१ नंतर प्रथमच सर्वांची जात विचारली जाईल. वडिलांच्या गेरूच्या डब्याऐवजी प्रगणकाच्या हाती मोबाइल असेल. फेब्रुवारीचे ते दिवस उसाच्या गाळपाचे. इंदापूरच्या फडांत बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्या असतील. नियमानुसार त्यांची मोजणी जिथे सापडतील तिथे होईल. त्यांची शाळा, रेशन आणि मत मात्र दुसऱ्या जिल्ह्यात. त्यांचा दिवा इथे, शीव तिथे. दोनशे वर्षांपूर्वी अशा माणसांना कौल देऊन बोलावले असते. आज त्यांना हंगाम संपला की जावे लागते.

कारभाराला शीव लागते, हे मला मान्य आहे. शिवेशिवाय सातबारा नाही, पंचायत नाही, वादाचा निवाडाही नाही. माझे म्हणणे इतकेच की शीव हे साधन आहे. ज्या जुन्या महसुली भाषेने ओसाड गावाला 'दिवा नसलेले' म्हटले, तिला लोभीपणातही हे कळत होते की माणसे नसतील तर गाव ही नुसती जमीन आहे.

२०११ मध्ये आमच्याकडे आलेल्या प्रगणक बाई आईला प्रश्न विचारत होत्या. जन्मस्थान विचारले. आईने गावाचे नाव सांगितले. बाई त्याच तालुक्यातल्या होत्या, त्यांनी सहज विचारले, "आजी, जुनं का नवं?" आई थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मी जन्मले तेव्हा एकच होतं." बाईंनी मान हलवली, तक्त्यात गावाचे नाव लिहिले आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या रकान्यात जुने की नवे हे लिहायला जागा नव्हती.